कांडीत उरलाय एकच चार्ज!

‘स्ट्रेंजर थिंग्ज’मधली पोरं टेबलाभोवती बसून जो गेम खेळतात, तो ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा गेम १९७४ साली अमेरिकेत आला. त्यात जादूच्या वस्तू ढीगभर आहेत, पण हातात आली म्हणून कितीही वापरा, असं चालत नाही.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीतली आगीचे गोळे फेकणारी कांडीच घ्या. तिच्यात सात चार्ज. एका गोळ्याला किमान एक चार्ज खर्च. पहाट झाली की फासा टाकून दोन ते सात चार्ज परत मिळतात. पण शेवटचा चार्ज वापरलात, तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. एक पडला की कांडीची राख! शिवाय अनेक ताकदवान वस्तूंशी आधी तासभर बसून ‘अट्यूनमेंट’ करावी लागते, म्हणजे सूर जुळवावे लागतात. तेही एका वेळी फक्त तीन वस्तूंशी.

एवढी कंजुषी कशाला? २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत नव्या कांडीत पन्नास चार्ज असायचे. जखमा भरणारी साधी कांडी ७५० सोन्याच्या नाण्यांत मिळायची. हुशार खेळाडूंनी थैलीभर कांड्या घेतल्या. लढाई संपली, कांडी फिरवली, सगळे ठणठणीत! मग मार खाण्याची भीती कसली?

त्याच नियमांतून जन्मलेल्या ‘पाथफाइंडर’लाही ही डोकेदुखी वारशात मिळाली. २०१८ मध्ये त्याच्या दुसऱ्या आवृत्तीच्या चाचणीत ‘रेझोनन्स’ पॉइंट आले. औषधाची बाटली प्यायची तरी एक पॉइंट द्या! खेळाडू वैतागले, कारण हा तर सरळसरळ टोल झाला. २०१९च्या अंतिम नियमांतून तो गेला. आता कांडी दिवसातून एकदाच. दुसऱ्यांदा वापरायचीच असेल, तर वापरा. मंत्र लागू होईल, पण कांडी मोडणार हे नक्की, कदाचित कायमची नष्टही होईल.

मर्यादा दोन्हीकडे आहे. फरक एवढाच, की टोल मुकाट्याने भरायचा असतो. इथे मात्र निर्णय तुमचा असतो. तुम्ही मित्रांसाठी गेम चालवत असाल आणि नवी जादूची वस्तू बनवणार असाल, तर ‘ही काय करते?’ याच्याआधी ‘ही वापरताना खेळाडू काय पणाला लावतो?’ हे ठरवा.

समोर ड्रॅगन, दोस्त जमिनीवर पडलेला, कांडीत एकच चार्ज. फासा हातात घेताना टेबलावर जी शांतता पसरते ना, ती पन्नास चार्जवाल्या कांडीतून कधीच मिळत नाही.