शिदोरी बांधा, पण घड्याळ पाहून

उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की कारंज्याच्या बसस्थानकावर पाय ठेवायला जागा उरत नाही. कुणी शेगावला निघालेले असते, कुणी मामाच्या गावाला, तर कुणी नागपूरच्या दवाखान्यात भरती असलेल्या आपल्या माणसाजवळ. मुंबईकडे जाणारी मंडळी मूर्तिजापूरला जाऊन रेल्वे धरतात. बहुतेकांच्या पिशवीत घरचा डबा असतो. ही सवय चांगलीच आहे. पैसे वाचतात आणि उघड्यावरचे खाणे टळते.

तरीही या दिवसांत उलट्या-जुलाबाचे जे रुग्ण माझ्याकडे येतात, त्यांतले बरेचसे नुकतेच प्रवासातून परतलेले असतात. काय खाल्ले असे विचारले की उत्तर ठरलेले, "डॉक्टरसाहेब, बाहेरचं तं कायीच नाही खाल्लं. घरचीच भाजी व्हती, वास बी नव्हता येत." या उत्तरात दोन गैरसमज आहेत. घरचे अन्न बाधत नाही हा पहिला, आणि वास आला नाही म्हणजे अन्न चांगले हा दुसरा.

अन्न बिघडते कसे?

आपल्या हातावर, नाकात, भांड्यांवर, हवेतल्या धुळीत सूक्ष्म जंतू असतातच. अन्न शिजवताना त्यांतले बहुतेक मरतात, पण नंतर हात लागला की नवे येतात. ५ अंश ते ६० अंश सेल्सियस या तापमानात जंतू वाढतात आणि आपल्या अंगाइतक्या उबेत तर फारच झपाट्याने. अनुकूल परिस्थितीत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. गणित करून पाहा. सकाळी ६ वाजता एकच जंतू असला तर ७ वाजता आठ, ८ वाजता चौसष्ट, १० वाजता चार हजारांवर आणि दुपारी १२ वाजता अडीच लाखांच्या वर!

म्हणून वैद्यकाचा नियम असा की, शिजवलेले ओले अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या वर जातो. म्हणजे आपला उन्हाळा हा सगळा एका तासाचाच हिशेब!

यातले दोन जंतू वाचकांनी लक्षात ठेवावेत. पहिला स्टॅफिलोकोकस. तो नाकात आणि हातावरच्या जखमेत, फोडात असतो. दुसरा बॅसिलस सिरियस. तो भातात सापडतो आणि त्याची बीजे उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती बीजे जागी होतात. हे दोन्ही जंतू अन्नात विष तयार करतात. त्या विषाला बहुधा वास नसतो, चव नसते, आणि ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. "मुक्कामी पोचल्यावर चांगली उकळी काढली होती" असे सांगून उपयोग नाही, तो यामुळे. खाल्ल्यानंतर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या, तर बहुधा हाच प्रकार असतो.

दशमीतले शास्त्र

जंतूंना वाढायला तीन गोष्टी लागतात: ऊब, वेळ आणि पाणी. प्रवासात ऊब आपल्या हाती नसते, वेळ थोडाफार असतो, पण पाणी मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. आपल्या आज्या-पणज्यांना जंतू माहीत नव्हते, पण हे बरोबर माहीत होते. बैलगाडीने दोन-दोन दिवसांचा प्रवास व्हायचा तेव्हा शिदोरीत वरण-भात नसे. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी, जवसाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी, लाडू, फुटाणे, गूळ असे पदार्थ असत. तव्यावर नीट भाजलेल्या दशमीतले बरेचसे पाणी निघून जाते. लाडवातली साखर आणि लोणच्यातले मीठ पाण्याला धरून ठेवते आणि जंतूला ते वापरता येत नाही. लोणच्याचा आंबटपणाही त्याला मानवत नाही.

डब्याच्या बाबतीत जगभर नाव मिळवलेले लोक म्हणजे मुंबईचे डबेवाले. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही पद्धत. त्यांच्याजवळ फ्रीज नसतो, बर्फही नसतो. सकाळी घरून उचललेला डबा दुपारच्या जेवणाला कचेरीत पोचलेला असतो, आणि ती वेळ ते चुकवत नाहीत. डबा कितीही महागाचा घ्या, चूल आणि तोंड यांच्यामधला वेळ तो कमी करू शकत नाही. तो आपल्यालाच कमी करावा लागतो.

डबा भरताना

१. डबा, झाकण आणि झाकणाची रबरी चकती साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. खाच्यात राहिलेला जुना ओलावा हेच जंतूंचे घर.

२. गरम पोळ्या डब्यात कोंबून झाकण लावू नका. वाफेचे पाणी होऊन त्या ओल्या होतात. जाळीवर पसरून निववा, मग भरा. भाजीही पसरट ताटात काढून लवकर निववा. आदल्या रात्रीची भाजी सकाळी डब्यात नको.

३. ओले आणि कोरडे वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. ओले खोबरे आणि भरपूर कांदा प्रवासाच्या भाजीत टाळा. काकडी, टोमॅटो चिरून नेऊ नका, अख्खे न्या.

४. हाताला जखम किंवा फोड असेल त्या व्यक्तीने त्या दिवशी डबा भरू नये.

५. गरमच न्यायचे असेल तर चांगला थर्मास हवा. आधी त्यात उकळते पाणी घालून पाच मिनिटे ठेवा, ते ओतून द्या आणि उकळता पदार्थ गळ्यापर्यंत भरा. साध्या कॅसरोलमध्ये अन्न थोड्याच वेळात कोमट होते, आणि कोमट हीच सर्वांत वाईट अवस्था.

६. घरी फ्रीज असेल तर पाण्याची बाटली रात्रभर गोठवून निवलेल्या डब्याला चिकटून ठेवा आणि दोन्ही जाड टॉवेलात गुंडाळा. फ्रीज नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्याभोवती ओले सुती फडके बांधा. कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे तत्त्व. कोरड्या उन्हाळ्यात थोडा गारवा मिळतो, पावसाळ्यात मिळत नाही.

७. पिशवी बसमध्ये इंजिनाजवळ किंवा उन्हाच्या खिडकीशी ठेवू नका. मोटारीच्या डिकीत तर मुळीच नको. आता समृद्धी महामार्गाने स्वतःच्या गाडीने जाणारे वाढले आहेत. त्यांनी डबा आत, सावलीत, आपल्याजवळ ठेवावा.

८. आणि हो, हे वर्तमानपत्र वाचून झाले की त्यात पोळ्या गुंडाळू नका! छपाईच्या शाईतली रसायने अन्नात उतरतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच तसा इशारा दिला आहे. स्वच्छ सुती फडके उत्तम.

कोणते आधी, कोणते नंतर?

भात, वरण, रस्सा, अंडी, मटण, दुधाचे पदार्थ हे घरून खाऊनच निघा. तेलात चांगली परतलेली कोरडी भाजी पहिल्याच न्याहारीला संपवा, संध्याकाळसाठी राखू नका. दशमी, पोळी, कोरडी चटणी आणि लोणचे त्या दिवशीच्या रात्रीपर्यंत चालते. लाडू, चिवडा, फुटाणे, गूळ-शेंगदाणे पुढच्या दिवसांसाठी. केळी, संत्री ही तर निसर्गानेच बांधून दिलेली शिदोरी, फक्त सोलून ठेवू नका. उरलेले अन्न फेकायला जीव होत नाही हे मला कळते. पण चार घास वाचवण्यासाठी चार दिवसांचे दुखणे घेऊ नये. त्यापेक्षा मोजकेच न्या.

यांची जास्त काळजी

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला प्रवासात अंगावरचेच दूध द्या. दूध बाटलीत भरून नेऊ नका. मधुमेहाच्या रुग्णांनी गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहू नये, गाडीला उशीर होईल हे धरून दशमी व फुटाणे जवळ ठेवावेत. रक्तदाबाच्या रुग्णांनी लोणचे बेतानेच खावे. दवाखान्यातल्या रुग्णाला डबा नेणाऱ्यांनी आधी स्वतःला विचारावे, हे शिजवून किती तास झाले? आधीच अशक्त झालेल्या माणसाला शिळे अन्न निरोग्यापेक्षा जास्त बाधते.

त्रास झालाच तर

ओआरएसची पुडी प्रवासात जवळ असू द्या. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट-घोट पाजा. चोवीस तासांनंतर उरलेले फेकून द्या. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना परस्पर देऊ नका. लघवी कमी होणे, डोळे खोल जाणे, शौचातून रक्त पडणे, ताप, गुंगी किंवा पाणीही न टिकणे, यांतले काहीही दिसले तर मुक्काम गाठण्याची वाट न पाहता वाटेतच डॉक्टर गाठा. लहान मुलाच्या अंगातले पाणी काही तासांत कमी होऊन जीव धोक्यात येऊ शकतो.

पुढच्या वेळी डबा भराल तेव्हा झाकणावर कागदाची चिठ्ठी चिकटवून त्यावर एवढेच लिहा, किती वाजता शिजवले. डबा उघडताना ती चिठ्ठी वाचा, मग घड्याळ पाहा, आणि मगच पहिला घास घ्या.