उन्हाळ्यातील बैल व त्याचे मूत्रपिंड

वैशाखात नांगरटीवरून सुटलेल्या बैलाचे मूत्र थोडे, गडद पिवळे व उग्र वासाचे असते. श्रावणात हिरव्या गवतावर असता त्याच बैलाचे मूत्र भरपूर व जवळजवळ पाण्यासारखे होते. हा फरक आमच्या प्रत्येक वाचकाने पाहिला असेल. गडद मूत्र दिसले की ‘अंगात उष्णता झाली’ असे म्हणून आम्हीही स्वस्थ बसत असू. तो स्वस्थपणा आम्हांस एका उमद्या बैलाच्या मोलाने पडला, म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

मूत्रपिंडे रक्त सतत गाळीत असतात. मनुष्याच्या मूत्रपिंडांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी गाळून निघते, आणि बाहेर पडते अवघे एक-दीड लिटर. बाकीचे रक्तात परत जाते. बैलाच्या ठायी रीत हीच, मान मात्र मोठे.

पाणी परत कसे ओढले जाते, यातच सारी खुबी आहे. कैरीच्या फोडींस मीठ लावले की पाणी सुटते, तसाच हा प्रकार. मूत्रपिंडातील सूक्ष्म नळ्या आतील गाभ्यात उतरतात आणि वळसा घेऊन पुन्हा वर चढतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ याकोब हेन्ले याने १८६२ साली या वळशाचे वर्णन केले. चढती नळी मीठ बाहेर टाकते, पण पाण्यास वाट देत नाही. उतरत्या नळीतून पाणी निघून जाते. शेजारचे दोन पाट उलट दिशांनी वाहत असल्याने टप्प्याटप्प्याचा अल्पसा फरक साठत जातो व गाभा तळाशी अतिशय खारट होतो. हे गणित बाझेल येथील वेर्नर कून याने १९४२ साली मांडले. १९५१ साली उंदराच्या मूत्रपिंडाच्या गोठविलेल्या कापांवरून ते पटले. मूत्र नेणारी शेवटची नळी याच खारट गाभ्यातून जाते. अंगात पाणी कमी पडले की मेंदूच्या तळाच्या ग्रंथीतून एक स्राव रक्तात उतरतो, त्या नळीच्या भिंतीतील पाण्याची दारे उघडतो, आणि पाणी माघारी वळते.

परंतु या काटकसरीस मर्यादा आहे. बैलाचे मूत्र रक्ताच्या सुमारे चौपटच दाट होऊ शकते. मेंढीचे व उंटाचे त्याहून पुष्कळ अधिक. माळावर मेंढी निभावून नेईल तेथे बैल नेणार नाही.

शिवाय दाट मूत्रातील क्षार खडे धरतात. खच्ची केलेल्या बैलाची मूत्रनलिका, विशेषतः तो लहानपणीच खच्ची केला असल्यास, अरुंद राहते. तिला मध्ये नागमोडी वळणही असते, आणि खडा बहुधा तेथेच अडकतो. आमचा बैल पाय झाडी, कुंथे, थेंब थेंब मूत्र टाकी. आम्ही पोटशूळ समजून दोन दिवस काढे पाजले. तिसऱ्या दिवशी तो शांत झाला, तेव्हा घरात सर्वांस आनंद वाटला. वास्तविक त्याचा मूत्राशय फुटला होता, म्हणून कळ थांबली होती! पशुवैद्य आले तेव्हा उपाय उरला नव्हता.

उन्हाच्या दिवसांत कामाच्या बैलास पन्नास-साठ लिटर पाणी सहज लागते. ते एकदाच संध्याकाळी न दाखविता सकाळी, दुपारी सुटल्यावर व रात्री दाखवावे. मीठ द्यावे, त्याने तहान वाढून मूत्र पातळ होते. मात्र पाणी मुबलक नसेल तर मीठ वाढवू नये. कोंडा बेताने चारावा, कारण त्यातील स्फुराचे खडे धरतात. आणि बैल कुंथू लागून धार थांबली, तर त्याच दिवशी पशुवैद्यास बोलवावे.