चार दिवस शांघायला: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शांघायला जायचे म्हटले की घरात प्रश्नांची रांग लागते. खायचे काय, फोन चालेल का, भाषेचे काय? यांची उत्तरे सोपी आहेत. खरे नुकसान होते ते अर्धवट ऐकीव माहितीवर तिकिटे काढल्याने.

गैरसमज: चीनला आता दहा दिवसांसाठी व्हिसा लागत नाही.
वस्तुस्थिती: तिसऱ्या देशाकडे जाताना वाटेत थांबणाऱ्यांना मिळणारी २४० तासांची सवलत पन्नासहून अधिक देशांच्या नागरिकांना आहे. त्या यादीत भारत नाही. लंडनचा भाचा व्हिसाशिवाय फिरून आला असेल, तर त्याच्या हाती ब्रिटिश पासपोर्ट असणार. भारतीय पासपोर्ट असेल, तर शहरात राहण्यासाठी आधी व्हिसा काढायलाच हवा.

गैरसमज: सोबत भरपूर रोकड न्यावी.
वस्तुस्थिती: आपल्याकडे यूपीआयचे जे स्थान, ते तिथे अलीपे आणि वीचॅटचे. २०२३पासून व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचे परदेशी कार्ड या दोन्हींना जोडता येते. अलीपेचे काम भारतातच उरकावे आणि बँकेकडून कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घ्यावेत. २०० युआनपर्यंतच्या खरेदीवर अलीपे जादा शुल्क घेत नाही. त्यापुढे साधारण ३ टक्के घेते. अडीअडचणीला थोड्या नोटा जवळ असाव्यात.

गैरसमज: तिथे गेल्यावर गूगल मॅप आहेच.
वस्तुस्थिती: गूगल, जीमेल, व्हॉट्सॲप तिथल्या इंटरनेटवर बंद आहेत. भारतीय सिमच्या आंतरराष्ट्रीय रोमिंगवर ते सहसा चालतात, कारण डेटा आपल्या कंपनीच्या जाळ्यातून फिरतो. तरी गूगलच्या नकाशावर विसंबू नये. चिनी नकाशांची निर्देशांक पद्धत वेगळी असल्याने ठिकाणे काहीशे मीटर सरकलेली दिसू शकतात. 'गाओदे' हे चिनी नकाशांचे ॲप घ्यावे आणि हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत फोनमध्ये जपून ठेवावा.

गैरसमज: शाकाहारी माणसाने खाकऱ्यांवर दिवस काढावेत.
वस्तुस्थिती: चीनमध्ये बौद्ध शाकाहाराची जुनी परंपरा आहे, त्यात कांदा-लसूणही वर्ज्य. शांघायच्या नानजिंग पश्चिम मार्गावरचे 'गोंगदलिन' हे शाकाहारी उपाहारगृह १९२२ साली सुरू झाले. साध्या हॉटेलात मात्र 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही, कारण भाजीतही डुकराची चरबी किंवा कालवांचा सॉस असू शकतो. काय काय चालत नाही, ते चिनीत लिहून नेलेले बरे.

गैरसमज: चार दिवसांत बीजिंगही उरकता येते.
वस्तुस्थिती: दोन शहरांमध्ये लोहमार्गाने सुमारे १,३०० किलोमीटर अंतर आहे. सर्वांत वेगवान गाडीलाही साडेचार तासांच्या आसपास लागतात. येण्याजाण्यात एक दिवस संपतो. त्याऐवजी अर्ध्या तासावरचे, बागांचे सूझौ पाहावे. शांघायचा नदीकाठ, म्हणजे 'बंड', सावकाश चालावा. पुण्याच्या बंड गार्डनमधला 'बंड' तोच. मुंबईचा ससून डॉक ज्या घराण्याच्या नावाने ओळखला जातो, त्याच घराण्यातील व्हिक्टर ससून यांनी १९२९ साली पूर्ण केलेले ससून हाउस इथेच आहे. आजचे पीस हॉटेल. समोरच्या पुदोंगला जायला दोन युआनची साधी फेरीबोट पुरते.

गैरसमज: कधीही गेले तरी सारखेच.
वस्तुस्थिती: १ ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय सुट्टीच्या आठवड्यात आणि चिनी नववर्षाच्या आसपास गाड्या, हॉटेले, बंड सगळे तुडुंब असते. केव्हाही गेलात तरी रेल्वेला आणि अनेक संग्रहालयांना मूळ पासपोर्ट लागतो. तो सतत जवळ ठेवावा. परिचितांच्या घरी उतरलात, तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी. हॉटेल ती स्वतःच करते.

व्हिसा, पैसे, नकाशा, चिनीतला पत्ता ही चार कामे निघण्यापूर्वी घरीच पूर्ण करा. मग शांघायचे चारही दिवस तुमचे.