'कुरमाघर' आणि आपले वाक्प्रचार

१९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्यात असलेल्या भामरागड परिसरात मराठी अभ्यासकास राज्याची सीमा न ओलांडताही परदेशाचा अनुभव येतो. कारण तेथील माडिया ही द्राविड कुळातील बोली. पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी वेगळ्या 'कुरमाघरा'त राहण्याची तेथील प्रथा त्यास अपरिचित वाटते व तो तिला तत्काळ अंधश्रद्धा ठरवतो. वस्तुतः 'कावळा शिवणे', 'बाहेर बसणे' हे त्याच्याच घरातील वाक्प्रचार त्याच विटाळकल्पनेतून आलेले आहेत. तिकडे झोपडी, इकडे घराचा कोपरा, एवढाच भेद. अर्थात या साम्यामुळे प्रथा समर्थनीय ठरत नाही. एकाकी झोपडीत स्त्रीला सर्पदंशाचे व आजाराचे भय असतेच. मात्र चिकित्सेचा आरंभ स्वभाषेपासून व्हावयास हवा.