फ्रॉक पिवळाच

सकाळी ६.३०. घरातले उठायच्या आत ‘ॲलिस इन वंडरलँड’ पुन्हा चाळायला घेतलं. आमच्या बालनाट्याचे कपडे माझ्याकडे, म्हणून कपड्यांबद्दल काय काय लिहिलंय, तेवढंच शोधायचं. लुईस कॅरल या बाबतीत भलताच हात आखडता घेतो. पांढऱ्या सशाला वेस्टकोट आहे, त्याच्या खिशात घड्याळ आहे. ॲलिसच्या फ्रॉकचा रंग मात्र अख्ख्या पुस्तकात नाही. तिला खिसा आहे, त्यातून खाऊच्या गोळ्या निघतात आणि एक अंगुस्तान. म्हणजे दिखाऊ खिसा चालणार नाही, हात जाईल असा हवा.

८.००. आता चित्रं. १८६५च्या आवृत्तीतली जॉन टेनिएलची चित्रं काळीपांढरी, लाकडी ठशांवर कोरून छापलेली. मोठी करून पाहिली की शिवण कळायला लागते. आखूड फुगा बाही, घट्ट कंबर, भरपूर घेर, वर एप्रन. घेराच्या तळाशी आडव्या रेघा दिसतात ती नक्षी नव्हे, ते टक्स. वाढत्या मुलीच्या फ्रॉकला ते घालून ठेवायचे आणि उंची वाढली की एकेक उसवायचा. आपल्याकडेही आया हेच करत. बाटलीतलं पिऊन वीतभर आणि केक खाऊन ताडमाड होणाऱ्या मुलीला असा फ्रॉक! टेनिएलनं हे मुद्दाम केलं असेल असं नाही वाटत, पण टक्स मी सोडणार नाही. केसांचा पट्टा मात्र या पुस्तकात नाही. तो १८७१च्या दुसऱ्या पुस्तकातला, रेघारेघांच्या मोज्यांसोबत आलेला. आमचं नाटक पहिल्यावर आहे, त्यामुळे पट्टा बाद.

११.००. दिग्दर्शकांचा फोन. “ताई, फ्रॉक निळाच ना?” हा निळा डोक्यात पक्का बसवला डिस्नेच्या १९५१च्या चित्रपटानं. अगदी लहान मुलांसाठी १८९०मध्ये निघालेल्या ‘द नर्सरी ॲलिस’मध्ये टेनिएलची २० चित्रं रंगीत छापली, त्यात फ्रॉक पिवळा आणि मोजे निळे. हे सांगून पाहिलं, ढिम्म. मग म्हटलं, “तुमचा मागचा पडदा निळा, अर्धे प्रवेश निळ्या प्रकाशात. पोरगी दिसायला नको का?” तेव्हा गप्प झाले.

१२.३०. रविवार पेठ. दुकानदारानं आधी साटनच पुढं केलं. बालनाट्य म्हणजे साटन, हे कोणी ठरवलं कोण जाणे. दिव्याखाली नको तिथं चमकतं, घामाचे डाग धरतं. सुती केंब्रिक घेतलं. लिंबू रंग प्रकाशात पांढरट पडतो, म्हणून हळदीकडे झुकणारा.

३.००. शिंपी मास्तर टक्सवर नाराज. “ताई, एवढं कापड आत दडपायचं?” दडपायचं. वेल्क्रोला नाही म्हटलं, शांत प्रवेशात तो टर्रकन वाजतो. पाठीला चेन.

५.३०. तालमीच्या जागी मांजरपाटाची ट्रायल. ॲलिस होणारी मुलगी नऊ वर्षांची, जागेवर उभी राहील तर शपथ. बाहीत हात वर जातो, पळताना घेर पायात येत नाही, उत्तम. खिशापाशी अडलं. वरून एप्रन येतो, हात आत जाईना. खिसा एप्रनवरच घेतला. शिवाय खरं अंगुस्तान तिसऱ्या रांगेपुढं कोणाला दिसणार? ते पेल्याएवढं करायचं ठरलं, म्हणून खिशाचं तोंडही मोठं.

७.३०. टोपीवाल्याची टोपी. पुठ्ठा, वर फेल्ट, आतून फोमची पट्टी आणि हनुवटीखालून इलॅस्टिक. टेनिएलनं टोपीला किमतीची चिठ्ठी खोचली आहे, १०/६, म्हणजे दहा शिलिंग सहा पेन्स. टोप्या विकायच्याच, मग चिठ्ठी असणारच. “मुलांना कळणार नाही, १० रुपये ५० पैसे लिहू या,” असं सुचवण्यात आलं. सगळं कळलंच पाहिजे असं थोडंच आहे! १०/६ ठळक काळ्या अक्षरांत रंगवलं.

रात्री उद्याची यादी केली. चेन, पायपिंग, निळे मोजे. दिग्दर्शकांना तेवढा तरी निळा मिळू दे.