खुटबावच्या शिवारातल्या तीन याद्या

पुण्याहून दौंडकडे जाताना यवत मागे पडलं की केडगावच्या अलीकडे खुटबाव येतं. पॅसेंजर थांबते, एक्सप्रेस धुरळा उडवून निघून जाते. स्टेशनाबाहेर पडलं की दोन्ही अंगांना ऊस. हंगामात या पट्ट्यात उकळत्या रसाचा वास हवेत इतका मुरलेला असतो की गुऱ्हाळ कुठे आहे हे विचारावं लागत नाही. अशा ठिकाणी मी राज्यघटना बघायला आलोय म्हटल्यावर स्टेशनाबाहेरच्या टपरीवरचे दोघे हसले. "ती पुस्तकात असती की. इथं काय बघणार?"

सुरुवात फलाटापासूनच करता येते. पुणे ते दिक्साळ हा लोहमार्ग १८५८ च्या डिसेंबरात सुरू झाला. कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं, तेच वर्ष. घटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे पहिल्या यादीत, म्हणजे संघसूचीत, २२ व्या क्रमांकावर आहे. गाडी कुठे थांबवायची यावर सरपंचाला किंवा जिल्हा परिषदेला काही बोलता येत नाही, अन् मुख्यमंत्र्यांनाही पत्रच लिहावं लागतं. पण याच फलाटावर एखाद्याचं पाकीट मारलं गेलं तर? तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे, आणि ते राज्य सरकारचे. राज्यसूचीतल्या दुसऱ्या नोंदीत 'पोलीस' या शब्दासोबत रेल्वे पोलीस आणि ग्राम पोलीस मुद्दाम घातलेले आहेत. रूळ दिल्लीचा, चोर मुंबईचा. रेल्वे सुरक्षा दलाचा गणवेशातला माणूस तिथेच उभा दिसतो. तो मात्र केंद्राचा, रेल्वेची मालमत्ता राखणारा.

संघराज्य म्हटलं की आपल्याला राज्यांच्या रंगीत सीमांचा नकाशा आठवतो. आपलं संघराज्य खरं तर नकाशापेक्षा यादीत जास्त आहे. घटना लागू झाली तेव्हा केंद्राच्या संघसूचीत ९७ नोंदी होत्या, राज्यांच्या राज्यसूचीत ६६ आणि दोघांच्या समवर्ती सूचीत ४७. घराच्या वाटणीत भांडी मोजून घ्यावीत, तसे विषय मोजून घेतलेले. आणि ही वाटणी १९५० मध्ये कोऱ्या कागदावर झालेली नाही. ब्रिटिशांनी केलेल्या १९३५ च्या कायद्यातही तीन याद्याच होत्या: संघाच्या ५९, प्रांतांच्या ५४ आणि सामायिक ३६. त्याही मागे १९१९ च्या सुधारणा. त्यात प्रांतांचे विषय 'राखीव' आणि 'सोपीव' असे विभागले गेले. पोलीस, जमीनमहसूल आणि पाटबंधारे गव्हर्नरच्या हाती राहिले. शेती आणि स्थानिक स्वराज्य हिंदी मंत्र्यांना मिळालं. पैसा आणि दंडुका एकीकडे, जबाबदारी दुसरीकडे. खुटबावच्या ग्रामपंचायतीचं दुखणं शोधायला लागलं की बोट तिथपर्यंत मागे जातं.

अमेरिकेत १७८७ मध्ये फिलाडेल्फियात जमलेल्या प्रतिनिधींपाठी आधीच अस्तित्वात असलेली राज्यं होती. त्यांनी आपल्या अधिकारांतून काढून संघाला दिलं, उरलेलं स्वतःकडे ठेवलं. आपल्याकडे एकाच सरकारनं वरून खाली वाटत आणलं. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना हे लपवलं नाही. आपलं संघराज्य घटक राज्यांच्या करारातून आलेलं नाही आणि म्हणून कुणाला फुटून निघण्याचा हक्क नाही, हे सांगण्यासाठीच 'संघ' हा शब्द घेतला, असा त्यांचा खुलासा होता.

या विषयाची एक बैठक पुण्यात आधीच झाली होती. २९ जानेवारी १९३९ रोजी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मारक व्याख्यानात बाबासाहेब 'संघराज्य विरुद्ध स्वातंत्र्य' या विषयावर बोलले. १९३५ च्या कायद्यातल्या संघराज्याची त्यांनी चिरफाड केली. प्रांतांचे प्रतिनिधी निवडून येणार, संस्थानांचे मात्र राजे नेमणार. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार मंत्र्यांच्या हाताबाहेर. प्रत्येक संस्थानिक आपापल्या अटींवर सामील होणार. ते संघराज्य कधी अवतरलंच नाही, कारण ठरलेल्या प्रमाणात संस्थानं आली नाहीत. याद्या तेवढ्या उरल्या, आणि त्या याद्या सुधारून घेण्याचं काम पुढे त्याच वक्त्याकडे आलं.

त्याच जानेवारीत, पुण्यापासून फार लांब नसलेल्या औंध संस्थानात उलट्या टोकानं प्रयोग सुरू झाला होता. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपली सत्ता प्रजेला देऊ केली. गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन हा पोलिश अभियंता आणि युवराज अप्पासाहेब पंत खटपटीला होते. गावानं पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुका समिती आणि तिच्यातून विधिमंडळ. एवढंसं ७२ गावांचं राज्य, पण पाया खाली आणि कळस वर अशी रचना. पुढे औंध, भोर, फलटण, सांगली अशा आठ दक्षिणी संस्थानांनी एकत्र येऊन आपला संघ करायचं ठरवलं. करारमदार झाले, आणि ८ मार्च १९४८ ला ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. आपण होऊन एकत्र येण्याचा मराठी मुलखातला तो प्रयत्न काही महिन्यांत आटोपला. मला त्याची हळहळ वाटते, पण बेताचीच. गावाच्या हाती सत्ता दिली तर ती गावात कुणाच्या हाती जाईल, हा बाबासाहेबांचा प्रश्न होता, आणि १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलतानाही तोच होता. वेशीबाहेर राहिलेल्याला तो जास्त चांगला कळतो.

घटनेच्या मूळ मसुद्यात ग्रामपंचायत नव्हतीच. सभागृहात ओरड झाली, तेव्हा के. संतानम यांच्या दुरुस्तीनं नोव्हेंबर १९४८ मध्ये आजचं ४० वं कलम आलं, तेही मार्गदर्शक तत्त्वांत. न्यायालयात जाऊन मागता येणार नाही अशा कप्प्यात. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून महाराष्ट्रानं १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा उभ्या केल्या. घटनेत पंचायतीला पक्की जागा मिळाली ती ७३ व्या दुरुस्तीनं, २४ एप्रिल १९९३ पासून. सोबत अकरावी अनुसूची आली आणि तिच्यात २९ विषय. पण २४३-छ कलम नीट वाचावं. राज्य विधिमंडळ हे अधिकार 'देऊ शकेल' असं तिथं आहे, 'देईल' असं नाही. सातव्या अनुसूचीत असली मेहेरबानीची भाषा नाही. पाच वर्षांत निवडणूक घ्या, असं घटना सांगत असूनही पुणे जिल्हा परिषदेत मार्च २०२२ मध्ये प्रशासक आले आणि वर्षानुवर्षे राहिले.

उसाकडे येऊ. ऊस फडात उभा असतो तेव्हा शेती, राज्यसूची. टोळीनं तोडून ट्रॅक्टरवर चढवला की त्याचा पुरवठा आणि दर समवर्ती सूचीत ३३ व्या नोंदीखाली येतात. गव्हाणीत पडून त्याची साखर झाली की उद्योग म्हणून संघसूची, नोंद ५२. आणि ज्या कारखान्यात हे घडतं तो सहकारी असेल तर ती संस्था पुन्हा राज्यसूचीत, नोंद ३२. एका मोळीच्या वाटेत तिन्ही याद्या.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, केंद्र ठरवतं. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, आणि ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्यानं शासन निर्णय काढून हे पैसे दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली. शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. पहिली उचल किती, यावर दर हंगामात जी आंदोलनं होतात, त्यांच्या मुळाशी सातवी अनुसूची आहे हे घोषणा देणाऱ्याला सांगायला जाऊ नये, त्याला ते पाठ असतं. गुऱ्हाळाला मात्र ही एफआरपी लागत नाही. तिथे भाव ठरतो तो काहिलीशेजारी उभं राहून, रोख. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं टिकून आहेत, याचं एक कारण हेही आहे.

सहकाराची गोष्ट आणखी चटकदार आहे. ९७ व्या दुरुस्तीनं सहकारी संस्थांसाठी घटनेत नवा भाग घातला गेला. तो विषय राज्यांचा असून निम्म्या राज्यांची संमती घ्यायची राहिली, म्हणून २० जुलै २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं तो बहुराज्य संस्थांपुरता ठेवून बाकीचा रद्द केला. त्याच्या दोनच आठवडे आधी केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन झालं होतं.

तालुक्यातून खडकवासल्याचा कालवा जातो. आवर्तन कधी सुटणार आणि पाळी कधी मिळणार हा इथला बारमाही प्रश्न. पाणी राज्यसूचीत १७ व्या नोंदीत, पण संघसूचीतल्या ५६ व्या नोंदीच्या अधीन राहून, कारण मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवर कृष्णेला. बच्छावत लवादानं महाराष्ट्राला कृष्णा खोऱ्यात ५६० अब्ज घनफूट मोजून दिलं. मुंढव्यातून उपसलेलं पुणे शहराचं वापरलेलं पाणी बेबी कालव्यानं इकडे सोडतात, तेही या हिशेबातलंच.

ते पाणी काळं का, हे विचारायचं तर संघराज्याचा सर्वांत गमतीचा कायदा हातात येतो. पाणी राज्याचं, म्हणून संसदेला देशभरासाठी प्रदूषणाचा कायदा करता येईना. मग २५२ व्या कलमाचा आडमार्ग काढला. काही राज्यांनी ठराव करून संसदेला विनंती केली आणि १९७४ चा जल प्रदूषण कायदा झाला. महाराष्ट्र त्या राज्यांत नव्हता, कारण इथे १९६९ चा स्वतःचा कायदा आणि १९७० पासून प्रदूषण मंडळ होतं. केंद्राचा कायदा महाराष्ट्रानं स्वीकारला तो १ जून १९८१ पासून. एकदा स्वीकारला की त्यात बदल करण्याचा अधिकार विधिमंडळाकडे उरत नाही, तो संसदेकडे जातो.

अकराव्या अनुसूचीत ११ वी नोंद पिण्याच्या पाण्याची आहे, म्हणजे पंचायतीची. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या निधीतला ६० टक्के पैसा बंधित होता, त्यातला निम्मा पाण्यावर आणि निम्मा स्वच्छतेवर खर्चायचा होता. टाकी बांधा, नळ द्या, शुद्धीकरणाचं यंत्र बसवा. पण कालव्यातलं पाणी काळं का, हे विचारायचा अधिकार पंचायतीच्या यादीत नाही. गावातली माणसंही अशीच वाटलेली. तलाठ्याचा आता 'ग्राम महसूल अधिकारी' झालाय आणि ग्रामसेवकाचा 'ग्रामपंचायत अधिकारी'. पहिला तहसीलदाराला बांधील, सरपंचाला नाही. दुसऱ्याच्या टेबलावर बंधित आणि अबंधितच्या वेगवेगळ्या फायली.

परतीच्या गाडीला उशीर होता. टपरीवरचे ते दोघे अजून तिथेच होते. त्यांना पाकिटाची आणि रुळाची गोष्ट सांगितली. एकानं जरा विचार केला आणि म्हणाला, "मंग गाडी लेट झाली ती कुठल्या यादीत?"