नवागत कुक्कुट पिल्लांचे आरोग्य : पहिल्या पंधरवड्यातील संगोपन

बीजसंज्ञा : एकदिवसीय पिल्ले, कृत्रिम ऊब, पीतक, रक्ती हगवण, मानमोडी

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात परसातील कुक्कुटपालन हा बहुतांशी स्त्रियांच्या हाती असलेला जोडधंदा आहे. पूर्वी खुडूक कोंबडी अंडी उबवीत असे आणि पुढे पिल्लांना पंखांखाली घेऊन फिरत असे. पिल्लांना ऊब देणे हे माणसाचे काम नव्हते. गिरिराज, वनराज यांसारख्या सुधारित जातींची एकदिवसीय पिल्ले उबवणी केंद्रातून खोक्यांत भरून येऊ लागली, तेव्हा आईचे हे काम पाळणाऱ्याकडे आले. मात्र त्याचे ज्ञान पिल्लांबरोबर आले नाही. शंभर पिल्लांच्या गटातील पंचवीस पिल्ले पहिल्याच आठवड्यात दगावली, तर अपेक्षित मिळकतीचा चौथा हिस्सा तेथेच संपतो. अशा मरतुकीला सरसकट ‘रोग आला’ असे म्हटले जाते आणि औषधाची पुडी आणली जाते. वस्तुतः पहिल्या आठवड्यातील बरीचशी मरतूक थंडी, तहान आणि ओलसर तूस यांतून उद्भवते. तिच्यावरील उपाय औषधाच्या दुकानात नाही, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

पिल्लाची शरीरस्थिती

अंड्यातून बाहेर पडण्यापूर्वी पिल्लू उरलेला पीतक बेंबीवाटे पोटात ओढून घेते. या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस तग धरू शकते, म्हणूनच पिल्लांची दूरवर वाहतूक शक्य होते. परंतु शिदोरी आहे म्हणून उपाशी ठेवण्यास हरकत नाही, असा अर्थ त्यातून काढू नये. दाणा-पाणी लवकर मिळाल्यास पीतक अधिक वेगाने शोषला जातो, आणि त्यातूनच आईकडून आलेली रोगप्रतिकारक द्रव्येही पिल्लाला मिळतात. पिल्लू गारठले की हे शोषण मंदावते. बेंबी पुरती मिटलेली नसेल व तूस घाणेरडे असेल, तर त्या वाटेने ई. कोलायसारखे जिवाणू शिरतात आणि पीतक पोटातच कुजू लागतो. पोट फुगलेले, बेंबी ओली व दुर्गंधीयुक्त असे पिल्लू सहसा वाचत नाही. प्रतिजैविकांचाही तेथे फारसा उपयोग होत नाही.

दुसरी अडचण शरीराच्या उष्णतेची. पिल्लाच्या अंगावर केवळ लव असते आणि सुमारे दोन आठवड्यांचे होईपर्यंत त्याला स्वतःचे तापमान नीट राखता येत नाही.

ऊब

खोली पिल्ले येण्यापूर्वी धुऊन, निर्जंतुक करून, चुना लावून कोरडी करावी. जमिनीवर भाताच्या कोरड्या तुसाचा दोन ते तीन इंच थर द्यावा. बुरशी आलेले तूस कदापि वापरू नये, कारण बुरशीचे बीजाणू फुफ्फुसांत जाऊन पिल्ले धापा टाकत मरतात. शंभर पिल्लांसाठी पत्र्याचे किंवा पुठ्ठ्याचे, दीड फूट उंचीचे व पाच-सहा फूट व्यासाचे गोल कडे पुरते. कडे गोलच असावे; चौकोनी जागेत पिल्ले कोपऱ्यात दाटतात व गुदमरतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 95 अंश फॅरनहाइट, म्हणजे 35 अंश सेल्सिअस तापमान असावे आणि पुढे दर आठवड्यास ते पाच अंश फॅरनहाइटने उतरवावे. दिवे पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशीच लावावेत, म्हणजे तूसही तापलेले असते.

जुन्या पुस्तिकांत दर पिल्लामागे एक ते दोन वॅट असा हिशेब असतो. तो तारेच्या बल्बचा आहे. आज घरोघरी असलेले एलईडी दिवे उजेड देतात, ऊब जवळजवळ देत नाहीत. त्यामुळे तोच हिशेब आंधळेपणाने लावल्यास झगझगीत उजेडात पिल्ले गारठतात. वीज जाणाऱ्या गावी कोळशाची शेगडी ठेवावी लागते. तिच्याभोवती जाळी असावी आणि छपराशी हवा खेळती ठेवावी, अन्यथा विषारी वायू कोंडतो.

तापमापक नसला तरी पिल्ले स्वतःच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करीत असतील तर ऊब कमी आहे. कड्याशी जाऊन पंख पसरून धापा टाकत असतील तर जास्त आहे. एकाच बाजूला गोळा झाली असतील तर दुसरीकडून वारा येत आहे. ही पाहणी रात्री दोनच्या सुमारास करावी, कारण खरी परीक्षा तेव्हाच होते.

पाणी व खाद्य

आल्याबरोबर प्रत्येक पिल्लाची चोच कोमट पाण्यात एकदा बुडवावी. प्रवासाने थकलेल्या पिल्लांस त्यात थोडा गूळ द्यावा. त्यानंतर कागदावर मक्याचा बारीक भरडा पसरावा व मग सुरुवातीचे खाद्य द्यावे. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात, म्हणून तो दोन-तीन दिवसांत काढावा. दुसऱ्या दिवशी मानेच्या तळाशी असलेली अन्नपिशवी चाचपावी. ती भरलेली व मऊ असावी. कडक लागल्यास पाणी कमी पडले आहे, रिकामी असल्यास पिल्लाला खाद्य सापडलेलेच नाही. गुदद्वाराशी विष्ठा चिकटून सुकली असेल तर कोमट पाण्याने हलकेच काढावी.

पहिले पाच दिवस ‘खबरदारी म्हणून’ प्रतिजैविक पाजण्याची प्रथा मात्र सोडली पाहिजे. ती थंडीवर उपाय नाही आणि औषधास न जुमानणारे जिवाणू वाढविते. माणसाच्या गंभीर आजारांत अखेरचा आधार असलेल्या कोलिस्टिनचा अन्नोत्पादक प्राण्यांतील वापर केंद्र शासनाने जुलै 2019 मध्ये प्रतिबंधित केला, तो याच कारणास्तव.

रक्ती हगवण व मानमोडी

रक्ती हगवण सहसा तिसऱ्या आठवड्यापासून दिसते, परंतु तिची पेरणी आधीच झालेली असते. एकपेशीय परजीवींची विष्ठेतून पडलेली बीजे ओल व ऊब मिळताच एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. पाण्याच्या भांड्याभोवतीचे भिजलेले तूस रोज काढणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

मानमोडी म्हणजेच राणीखेत. पक्ष्याची मान पिळवटते म्हणून खेड्यात हे नाव रूढ झाले. विषाणूजन्य असल्याने त्यावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत द्यावा. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरोची लस आणि चौथ्या आठवड्यात लासोटाची पुनर्मात्रा द्यावी. आजारी पिल्लांस लस देऊ नये. खरी अडचण कुपीची आहे. ती साधारणतः शंभर वा अधिक मात्रांची असते, बर्फात आणावी लागते आणि पातळ केल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. वीस पिल्ले पाळणारी स्त्री एकटी ती का घेईल? म्हणून बचत गटाने पिल्ले एकाच आठवड्यात मागवावीत, लसीकरणाचा एकच दिवस ठरवावा आणि थेंब देण्याचे काम गटातील एकीने पशुवैद्यकाकडून शिकून घ्यावे. जुन्या कोंबड्या नवागतांपासून दूर ठेवाव्यात व रोजचे काम पिल्लांपासून सुरू करून मग खुराड्याकडे वळावे, उलट क्रमाने नव्हे.